धनगरी ओव्यांच्या जुन्या कॅसेटी आहेत. मराठी आणि इंग्रजीत संग्रह उभा करायचाय, सुरुवात कुठून करू?

माणदेशी_पोर

नमस्कार मंडळी. मी माण तालुक्यातला, धनगराच्या घरातला. आजोबा गावच्या गजी मंडळात (गजी म्हणजे ढोलावरचा धनगरी नाच) पुढं गाणारे होते, चुलत्यांकडं ढोल. घरात कॅसेटींची एक पेटी आहे. १९८०च्या दशकाच्या शेवटापासून पुढं बरीच वर्षं चुलत्यांनी टू-इन-वनवर भरलेल्या ओव्या आहेत त्यात. काही आमच्या देवळापुढच्या, काही आरेवाडीला बिरोबाच्या जत्रेतल्या, काही वीरला म्हस्कोबाच्या यात्रेतल्या. काही तर वाड्यावरच्या, म्हणजे मेंढक्यांच्या तळावरच्या, मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरलेले असताना रात्री भरलेल्या. त्या कॅसेटींत मागं कोकरं ओरडतात, कुत्री भुंकतात, गाणं चालू असतानाच कुणीतरी "वाघर बघ रं तिकडची" असं म्हणतं (वाघर म्हणजे मेंढरांभोवतीची जाळी). मला त्याच सगळ्यांत जास्त आवडतात.

लेबलं बॉलपेननं लिहिलेली: "बिरुबाचा जलम, बाजू १", "बाणूबाईचं लगीन, अर्धं". काहींवर नुसता वार. काही कोऱ्याच.

हे आत्ताच का करायचं, तर मंडळातले जुने गाणारे आता बोटावर मोजण्याइतके उरलेत. नवीन पोरं गजी नाचतात, झकास नाचतात, पांढरा नेहरू-धोतर, हातात रंगीत रुमाल, बघत राहावं असं. पण तो स्टेजवरचा कार्यक्रम असतो, दहा मिनिटांत बसवलेला. सुंबरान (देवाचं स्मरण) मांडून रात्रभर एक आख्यान ओढत नेणारा माणूस आमच्या गावात आता एकच आहे, आणि त्यांना दम लागतो.

माझ्या डोक्यात असं आहे की आवाज ऐकू यावा, त्याखाली गायलेलं जसंच्या तसं मराठीत असावं आणि शेजारी इंग्रजी. इंग्रजी अशासाठी की आमच्याच घरातली निम्मी पोरं पुण्या-मुंबईत इंग्रजी शाळेत जातात. त्यांना ओवी ऐकली की अंगावर काटा येतो, पण अर्थ लागत नाही आणि देवनागरी वाचायला वेळ लागतो. शिवाय बाहेरच्या अभ्यासकांनाही हे कळावं असं मनापासून वाटतं.

अडचणी सांगतो. ओवीत एक ओळ पुढचा गातो, मागचे ती पुन्हा घेतात, मग थोडं गाऊन झालं की तेच बोलून सांगितलं जातं आणि कथा पुढं सरकते. म्हणजे एकच गोष्ट तीनदा येते. सगळं लिहायचं का? एका शिकलेल्या ओळखीच्यांनी सांगितलं की पाल्हाळ काढून टाक, सार दे. दुसरं, भाषा. "व्हता", "न्हाई", "आलं गा" असंच ठेवू का शुद्ध करू? तिसरं, जुने लोक म्हणतात हे देवाचं आहे, भंडारा उधळल्याशिवाय वाजवू नये. मग सगळंच इंटरनेटवर उघडं टाकायचं का? आणि चौथं सगळ्यांत अवघड आहे. पूर्वी शहरातून एका संस्थेची माणसं आली होती, रात्रभर रेकॉर्डिंग केलं, जेवून गेली, परत ना कॅसेट आली ना फोटो. त्यामुळं आता मी रेकॉर्डर काढला की घरचेच म्हणतात, कुणासाठी भरतोयस?

जाणकारांनी सांगावं.

ढोल_कैताळ

वा भाऊ, ऐकूनच बरं वाटलं. आम्ही पट्टणकोडोलीच्या बाजूचे, विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला दरवर्षी ढोल घेऊन असतो. माझं मत साधं आहे: युट्यूबवर टाका. आमच्या मंडळाचे व्हिडिओ लोक शेअर करतात, परगावाहून सुपारी येते, पोरांना हुरूप येतो. संग्रह वगैरे करत बसलात तर पाच वर्षं जातील आणि ऐकणार कोण? लोकांपर्यंत पोचणं महत्त्वाचं.

जुनी_फीत

माझं आयुष्य ध्वनिफिती जतन करण्याच्या कामात गेलं आणि ओव्या, वाघ्या-मुरळीची गाणी, भारुडं अशा गावाकडच्या फिती बऱ्याच हाताखालून गेल्या आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ढोल_कैताळ, तुमच्या पोरांना युट्यूबमुळं हुरूप येतो ही मोठी गोष्ट आहे आणि ती चालूच राहावी. पण तिथं दाबून लहान केलेला (कम्प्रेस) आवाज जातो, उद्या खातं बंद झालं तर दाद मागून उपयोग होईलच असं नाही, आणि कोण गातंय, कुठं, कधी, हे कुणी लिहीत नाही. युट्यूब म्हणजे जत्रेतला स्टॉल. माल ठेवायची खोली घरीच पाहिजे.

आता माणदेशी_पोर, तुमच्याकडं येतो. आधी हात जोडून सांगतो, ती पेटी उघडून कॅसेटी जुन्या टू-इन-वनमध्ये घालू नका. वर्षानुवर्षं बंद पडलेल्या यंत्राचा रबरी पट्टा सैल झालेला असतो, पिंच रोलर (फीत पुढं ओढणारं रबरी चाक) चिकट झालेला असतो, आणि तो फीत ओढून गुंडाळून टाकतो. चांगला कॅसेट डेक मिळवा, त्याची हेड (फितीवरचा आवाज उचलणारा भाग) स्पिरिटनं पुसून घ्या. मग प्रत्येक कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन्ही टॅब मोडून टाका, म्हणजे चुकून बटण दाबलं तरी वरून काही भरलं जाणार नाही. कॅसेटच्या तोंडाशी पत्र्याच्या पट्टीवर एक इवलीशी फेल्टची गादी असते, ती फीत हेडवर दाबून धरते. इतक्या वर्षांत ती सुटून पडते. आवाज एकदम दबका, घोंगडीतून आल्यासारखा येऊ लागला तर आधी ती गादी बघा. ती गेली असेल तर स्क्रूचं कवच असलेली एखादी चांगली कॅसेट खोलायची आणि आपली फीत त्यात हलवायची. काम नाजूक आहे पण घरी जमतं. आधी सिनेमाच्या गाण्यांच्या टाकाऊ कॅसेटवर हात बसवा. १२० मिनिटांच्या कॅसेटी असतील तर त्या सगळ्यात शेवटी घ्या, त्यांची फीत फार पातळ असते.

प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी हेडचा कोन जुळवावा लागतो, ज्याला दुरुस्तीवाले अ‍ॅझिमथ म्हणतात. हेडशेजारी एक छोटा स्क्रू असतो, तो अगदी किंचित फिरवायचा आणि झांजेचा आवाज सगळ्यांत स्वच्छ येईल तिथं थांबायचं. तुमच्या फितींत झांज आहे हे तुमचं भाग्य, कोन जुळवायला तिच्यासारखी खूण नाही. संगणकावर घेताना डब्ल्यूएव्ही फाइल (आवाज न दाबता ठेवणारी), २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ. ध्वनिसंग्रहांची आयासा नावाची आंतरराष्ट्रीय संघटना किमान ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट सांगते, पण फीत पुन्हा वाजेल याची खात्री नसते, तेव्हा वरचंच धरा. तासाला साधारण दोन जीबी जागा लागते, हार्ड डिस्क आता परवडते. तीन प्रती ठेवा, त्यातली एक वेगळ्या गावात. आणि मूळ फाइलमधली खरखर काढू नका. सॉफ्टवेअर खरखरीबरोबर झांजेचा किणकिणाटही नेतं, आणि तुमची ती कोकरंही.

हे झालं यंत्राचं. खरं काम पुढं आहे आणि त्यालाच घाई आहे.

गाणारे जिवंत आहेत तोवर त्यांना या कॅसेटी ऐकवा, आणि ऐकताना ते जे बोलतील ते दुसऱ्या रेकॉर्डरवर भरा. माझ्या मते तुमच्या संग्रहाचा निम्मा जीव तिथं आहे. पुरंदरच्या बाजूच्या अशाच एका फितीवर काम करताना एका वयस्क मेंढक्यांना आम्ही म्हस्कोबाची ओवी ऐकवत होतो. सोनारीहून देव कमळाजीच्या मागं वीरला येतो, त्या वाटेतलं एक गाव आलं आणि त्यांनी हात वर केला. "थांबीव." मग म्हणाले, हा गाणारा आमच्यातला नव्हे, खालच्या अंगाचा आहे, आमची माणसं इथं आधी ओढा घेतात आणि मग खिंड, कारण मेंढरं खिंडीत तहानलेली नेत नाहीत. पुढं बराच वेळ त्या ओढ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असतं, कुठल्या शेतमालकाकडं मेंढरं बसवायची, बदल्यात धान्य किती मिळायचं, हे सगळं आलं. फितीवर ती एक ओळ होती, काही सेकंदांची. ओवीत गावं, ओढे, टेकड्या, देवळं ज्या क्रमानं येतात त्यात चरणीच्या वाटा आहेत. तुमच्या संग्रहात प्रत्येक आख्यानासोबत गावांची यादी आणि नकाशा ठेवाच. गावाचं नाव, तालुका, जिल्हा, आणि जमलं तर २०११च्या जनगणनेतला गावाचा सहा आकडी क्रमांक, कारण एकाच नावाची चार-चार गावं असतात आणि रोमन लिपीत तर त्यांचं स्पेलिंग प्रत्येक जण वेगळं करतो.

पाल्हाळाबद्दल. कृपा करून एक शब्द काढू नका. गाणं आणि बोलून सांगणं, या दोन्हींची मिळून धनगरी ओवी होते. मागचे ओळ घेत असतात तेवढ्यात पुढचा गाणारा पुढची जुळवतो. बोलून सांगताना तो मघाशी गायलेलं उलगडतो आणि नवीन काहीतरी घालतो, तीन वेळा सारखं वाटलं तरी सारखं नसतं. ग्युंथर सोंथायमर या जर्मन अभ्यासकांनी (१९३४-१९९२) महाराष्ट्रात धनगरांबरोबर राहून अशा ओव्या भरून घेतल्या. त्यांच्या फितींमधली बिरोबा आणि धुळोबा यांची दोन आख्यानं अ‍ॅन फेल्डहाउस यांनी रामदास अटकर आणि राजाराम झगडे यांच्याबरोबर इंग्रजीत आणली, ते पुस्तक २०१४ साली निघालं. फितीचं पुस्तक व्हायला किती वर्षं आणि किती जणांचे हात लागले बघा. तुम्हाला कुणी सार मागितलं तर सार वेगळं लिहून द्या, मूळ मजकुराशेजारी ठेवा, त्याच्या जागी नको.

म्हणून इंग्रजीबद्दल माझा सल्ला असा. सगळ्या कॅसेटींची सूची दोन्ही भाषांत करा: कुणी गायलं, मागं कोण होतं, ढोल कुणाचा, कुठं, कधी, कशासाठी, कोणतं आख्यान, कुठं सुरू होतं, कुठं तुटतं, आणि चार-सहा ओळींत गोष्ट. एवढ्यानंच तुमच्या पुण्यातल्या पोरांना आणि बाहेरच्या अभ्यासकाला वाट सापडेल. पूर्ण भाषांतर मात्र एकाच आख्यानाचं हाती घ्या आणि ते नीट करा. अर्धवट भाषांतर झालेली वीस आख्यानं कुणाच्याच कामाची नसतात. इंग्रजीत घोंगडी, भंडारा, वाघर, वाडा हे शब्द तसेच ठेवा, आणि प्रत्येकाला एक फोटो आणि दोन ओळी द्या. तुमच्या चुलत्यांच्या खांद्यावरच्या घोंगडीचा फोटो कुठल्याही शब्दकोशापेक्षा जास्त सांगेल.

वाड्यावरची_लेक

माणदेशी दादा, मीही धनगराची लेक, आता बँकेत नोकरी करते. तुमची पोस्ट वाचून डोळे भरले. वाड्यावरच्या कॅसेटी कुणी ठेवल्या आहेत हेच केवढं आहे.

एक विचारू? त्या पेटीत बायकांचा आवाज किती आहे? देवळापुढं पुरुष गातात हे मला माहीत आहे. पण माझी आई देवळापुढं कधी गायली नाही, तरी बाणाईचं सगळं आख्यान तिला येतं. भाकरी थापता थापता सांगते. खंडोबा सारीपाटात हरून बाणाईच्या वाड्यावर चाकरीला राहिला, हे तिच्या तोंडून ऐकताना वेगळंच असतं, कारण पुरुष जिथं देवाच्या करामतीवर रमतात तिथं आई बाणाईच्या कामावर रमते: मेंढरं कशी मोजली, दूध कुणी काढलं, नवीन बाई घरात आल्यावर म्हाळसा काय बोलली. म्हाळसा-बाणाईचं भांडण तर ती दोन आवाजांत करते. हे कुठल्याच कॅसेटीत नाही.

जात्यावरच्या ओव्यांचं काम झालेलं तुम्ही पाहिलं असेल. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हँ यांनी १९८०च्या दशकात पुण्याजवळच्या डोंगरी भागात बायकांबरोबर काम करताना ते सुरू केलं, एक लाखाहून जास्त ओव्या झाल्या, हजारावर गावांतल्या. पुढं बर्नार्ड बेल यांनी ध्वनिमुद्रणं केली. आता 'पारी' या ग्रामीण भारतावरच्या वेबसाइटवर त्या मराठी, इंग्रजी, आवाज आणि गाणारीचं नाव-गाव अशा मिळतात. मला त्यातलं सगळ्यात भावलं ते गाणारीचं नाव. "लोकगीत, पारंपरिक" असं लिहून मोकळं न होता, ही ओवी या बाईंची, या गावच्या. तुमच्या संग्रहातही असंच व्हावं. मागं ओळ घेणाऱ्यांची नावंसुद्धा. आमच्याकडं मागं उभ्या राहणाऱ्याचं नाव कुणी विचारत नाही.

आणि बायकांना विचारायचं तर पुरुष बसलेत त्या ओट्यावर विचारू नका. आत चुलीपाशी जा, किंवा तुमच्या आईला, बहिणीला पाठवा. रेकॉर्डर दिसेल असा ठेवा, बंद कसा करायचा तेही त्यांनाच दाखवा. माझ्या आईनं मध्येच बंद केला होता, मावशीच्या सासरचं काहीतरी बोलायचं होतं म्हणून. बोलून झाल्यावर तिनंच चालू केला.

देवाचं उघड्यावर टाकायचं का, या तुमच्या प्रश्नावर मला वाटतं ते तुम्ही एकट्यानं ठरवू नये, आणि आम्ही इथं बसून तर नाहीच नाही. आमच्या गावात सुंबरान कुणीही ऐकावं, पण अंगात आल्यावरचं बोलणं, भाकणूक (पुढचं भविष्य सांगणं), हे रेकॉर्ड करायलाच मनाई आहे आणि मला ते पटतं.

माणदेशी_पोर

फीतवाले काका, ताई, तुम्ही दोघांनी माझ्या डोक्यातला गुंता सोडवलात. बायकांचं माझ्या मनातच आलं नव्हतं. चुलतीला आज फोन केला, ती म्हणाली, "मला कुठं काय येतंय," आणि पुढं अर्धा तास सांगत बसली.

अजून विचारतो. भाषेचं राहिलं. मी फोनवर बोलून टाइप करायचा प्रयत्न केला तर "व्हता" म्हटलं की "होता" उमटतं, "जलम"चं "जन्म" होतं. हातानं लिहायचं तर कशात लिहू, की आवाजाशी जुळून राहील? गाणाऱ्यांना पैसे द्यावेत का? आणि पेटीतल्या काही कॅसेटी बाजारातून विकत आणलेल्या आहेत, छापील लेबलाच्या, त्याही टाकू का?

जुनी_फीत

ताईंनी लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचलं. नावांबद्दल त्या म्हणतात ते तंतोतंत.

फोनवर बोलून लिहायचा नाद सोडा. ते यंत्र शाळेच्या पुस्तकातली मराठी शिकलेलं आहे, तुमची वाणी ते पुसून टाकतं. ईलान नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या माक्स प्लांक संस्थेनं केलेलं, जगभर भाषांचे अभ्यासक ते वापरतात. त्यात आवाजाची पट्टी दिसते, तिचा तुकडा निवडायचा आणि खाली एकावर एक ओळी लिहायच्या. देवनागरी नीट चालते. पहिल्या ओळीत कानाला येतं तसं, "व्हता" तर "व्हता", शेवटचा "गा", "जी" सगळं. दुसऱ्या ओळीत तेच प्रमाण मराठीत, फक्त शोधण्यासाठी, म्हणजे कुणी "जन्म" टाइप केलं तरी "जलम" सापडावा. तिसऱ्या ओळीत इंग्रजी. चौथी ओळ म्हाताऱ्यांच्या बोलण्यासाठी ठेवा. गाणारा कोण आणि मागचे कोण हेही वेगळं दाखवता येतं. पहिली ओळ तुमच्या गावातल्या माणसानंच लिहावी आणि गाणाऱ्यांना वाचून दाखवावी. कितीही शिकलेला बाहेरचा माणूस असो, त्याच्या कानाला जे ऐकू येत नाही ते चुलत्यांना येतं.

पैशांचं उत्तर हो. गायला बसवलं तर मानधन द्यायचं, ऐकवून बोलतं केलं तरी द्यायचं. त्या माणसाचा रोज बुडतो. रक्कम मंडळाशी बोलून आधी ठरवा आणि सगळ्यांना सारखी, नाहीतर गावात वाद होतात आणि काम तिथंच थांबतं.

छापील लेबलाच्या कॅसेटी वेगळ्या काढा. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं ते काढणाऱ्याकडं असतो, त्या तुम्हाला जगापुढं ठेवता येणार नाहीत. पण गाणाऱ्यांची नावं, आख्यानाचा तपशील सूचीत जरूर घ्या. घरी भरलेल्यांचं वेगळं. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा हक्क १९९४च्या दुरुस्तीनं नीट आला, १९९९ला त्याची मुदत ५० वर्षं झाली, आणि २०१२ला असंही आलं की गाणाऱ्याचं नाव लावलं गेलं पाहिजे आणि त्याच्या गाण्याची नावाला बट्टा लागेल अशी मोडतोड होता कामा नये. तुमच्या कॅसेटींतले बरेच गाणारे आता हयात नसतील. कायद्याचा कीस पाडण्यापेक्षा प्रत्येकाच्या घरी जा, फीत ऐकवा, वारसांची परवानगी घ्या. कागदावर सही किंवा अंगठा घ्याच, शिवाय त्यांनी तोंडानं सांगितलेलं भरून घ्या: काय उघडं ठेवायचं, काय फक्त गावापुरतं, काय कुणालाच नाही, आणि पुढं मन बदललं तर काढून टाकता येईल हेही. ऑस्ट्रेलियातल्या टेनंट क्रीकच्या वारुमुंगू लोकांबरोबर मुकुर्तू नावाची संग्रहाची व्यवस्था तयार झाली, ती याच कामासाठी आहे. कोणती वस्तू कुणी बघायची हे त्यांच्या रिवाजाप्रमाणं ठरवता येतं. ती फुकट मिळते. तुमचं भंडाऱ्याचं म्हणणं तिच्यात बसवता येईल: जत्रेच्या ओव्या सगळ्यांना, देवळाच्या आतलं पुजाऱ्यांनी हो म्हटलं तरच.

मोठ्या संग्रहालाही एक प्रत देऊन ठेवा. गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं १९८२ साली सुरू झालेलं संगीताचं अभिलेखागार आहे, संगीताच्या फिती जतन करणं हे तिथलं काम. कुठंही द्या, पण हक्क गावाकडं राहतील असं लिहून घेतल्याशिवाय नाही.

आता परत न आलेल्या कॅसेटीबद्दल. तुमच्या लोकांचा राग रास्त आहे. तो समजावून जाणार नाही. पहिली फीत संगणकावर घेतली की त्याच आठवड्यात ती पेन ड्राइव्हवर भरून गाणाऱ्याच्या घरी द्या, जमलं तर ट्रॅक्टरच्या टेपवर वाजेल अशी एमपीथ्री करून. संग्रहाची वेबसाइट वगैरे नंतर. गावात आधी आवाज परत गेला पाहिजे, मग पुढच्या घरी तुम्हाला कुणी "कुणासाठी?" असं विचारणार नाही.

नवीन भरणार असाल तर एक सूचना. जत्रेत डीजे आणि जनरेटरच्या गोंगाटात भरलेलं कामाला येत नाही. पावसाळ्यात मेंढरं गावाकडं असतात तेव्हा मंडळाला देवळापुढं वेगळं बसवा. माइक ढोलापासून लांब, गाणाऱ्यांच्या तोंडासमोर, आणि पुढच्या गाणाऱ्याच्या सदऱ्याला एक छोटा माइक वेगळ्या ट्रॅकवर. ढोलाच्या मोठ्या थापेला आवाज फाटतो, म्हणून आवाजाची पातळी शांत बोलण्यावर नव्हे, सगळ्यात मोठ्या थापेवर लावा. आणि मध्ये थांबवू नका. चहाला थांबतात ते बोलणंही भरून घ्या.

ढोल_कैताळ

काका, तुमचं पटलं. आमच्याकडं बिरदेवाच्या काही फिती यात्रा कमिटीतल्या एका घरी पडून आहेत. युट्यूबवर टाकायच्या म्हणून मागून घेतल्या होत्या. आधी टॅब मोडतो. माणदेशी, तुमच्याकडची पद्धत ठरली की आम्हालाही सांगा, सूचीचे रकाने सारखे ठेवले तर पुढं दोन्हीकडचं जोडता येईल. बिरदेवाचं आमच्याकडचं आणि तुमच्या बिरोबाचं कुठं जुळतं, कुठं फुटतं हे मला स्वतःला बघायचंय.

माणदेशी_पोर

नक्की. रकाने असे धरतोय: आख्यान, पुढचा गाणारा, मागचे, ढोल, झांज, गाव-तालुका-जिल्हा, प्रसंग, साल (नक्की नसेल तर "च्या आधी" किंवा "च्या नंतर"), फीत कुणी भरली, कुणाच्या घरची, परवानगी कुणाची आणि कुठपर्यंत. काही राहिलं असेल तर सांगा.

चुलत्यांशी रात्री बोलणं झालं. पूर्ण भाषांतरासाठी बाणाईचं आख्यान घ्यायचं म्हणतात, कारण त्याची कॅसेट अर्धी आहे आणि उरलेलं चुलतीला येतं. म्हणजे पुरुषांनी गायलेलं अर्धं आणि तिनं सांगितलेलं अर्धं, दोन्ही शेजारी शेजारी ठेवू. ताई, तुमच्या आईंचं म्हाळसा-बाणाईचं भांडणही त्यांची हरकत नसेल तर त्यांच्या नावानं त्यात घेऊ. इंग्रजीसाठी पुण्यातली चुलत बहीण बसायला तयार आहे, सोबत मी आणि चुलती.

डेक मात्र अजून मिळालेला नाही. सातारा, फलटण, दहिवडी या बाजूला कुणाकडं चालू स्थितीतला, अ‍ॅझिमथचा स्क्रू हाताशी येईल असा डेक असेल, विकत किंवा काही महिन्यांसाठी, तर निरोप करा. नेण्या-आणण्याचं मी बघतो.